शिट्टीवालं जनावर

१२ मे

आजपासून शाळेत शिकवायला लागलो. फुकट. एस्नातीने विचारलं, फुकट म्हणजे किती? म्हटलं, फुकट म्हणजे फुकट. ती म्हणाली, मग भुईमुगाच्या शेंगा कोण फोडणार?

एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली. निवृत्त झाल्यावर बायकोच्या गावी राहायला आलो. इथे नवऱ्याने बायकोच्या गावी राहायचं असतं. मी उत्तरेचा, म्हणजे इथला घरजावई. घरजावयाला मत नसतं. काम असतं.

शाळेला इमारत एकच आहे आणि तीत वरचे वर्ग बसतात. पहिली, दुसरी, तिसरी आंब्याखाली. सावली सरकते तसे वर्ग सरकतात. दुपारी सावली खोडापाशी येते आणि तिन्ही वर्ग एकमेकांच्या मांडीवर. मग पहिलीवाले तिसरीचे पाढे म्हणतात, तिसरीवाले पहिलीचं गाणं. नुकसान कोणाचंच होत नाही.

मुख्याध्यापिका फिनेसी मॅडम यांनी मला दुसरी दिली. दुसरीत मुलं किती, असं विचारलं. म्हणाल्या, मोजायला गेलं की हलतात.

शिस्तीने सुरुवात केली. कोट घातला होता. शिट्टी मारली, छत्रीच्या टोकाने मातीत ओळ आखली, पोरांना ओळीवर उभं केलं आणि एकेकाची नखं तपासली. निम्म्या वर्गाला नखं कापायला घरी पाठवलं. ती परत आली नाहीत. उद्या येतील.

रात्री एस्नाती म्हणाली, तुम्ही अजून चालत्या बसमध्ये असल्यासारखे चालता. पाय फाकवून, एक हात वर. म्हटलं, वळणं फार होती.

१५ मे

चष्म्याची दांडी तुटली. दोरी बांधली. आली नाहीत ती पोरं अजून आली नाहीत.

२९ मे

राजधानीहून संस्थेची पांढरी गाडी आली. आम्हाला संस्थांची सवय आहे. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेची परदेशी पोरं येऊन शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा रंगवून गेली. आपला देश नेमका खिडकीच्या जागी येत होता. तेव्हापासून देश कुठे आहे असं विचारलं की मुलं खिडकीतून बाहेर बघतात.

ही संस्था बरी वाटली. साहेब परदेशी नाही, राजधानीचाच, लिलोंग्वेचा. म्हणाला, तीन वर्गांची नवी इमारत देतो. पत्रे, सिमेंट, सुतार आमचे. विटा तुमच्या. सप्टेंबर संपायच्या आत भट्टी भाजून झाली पाहिजे. नाही झाली तर पत्रे नदीपलीकडच्या शाळेला.

पावसाळ्यात आंब्याखालची शाळा बंद पडते. पाऊस संपला की फिनेसी मॅडम घरोघर फिरून मुलं गोळा करतात. निम्मी मिळत नाहीत. मुलींमधल्या काहींचं तोवर लग्न ठरलेलं असतं. गेल्या वर्षी झाडावर वीजही पडली. रविवार होता म्हणून बरं. ती फांदी अजून काळी आहे आणि पोरं तिच्यावर डबे टांगतात.

पुढाकार कोण घेणार, असं साहेबाने विचारलं. सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं. मी हात वर केला आणि इमारत समितीचा अध्यक्ष झालो. केवढ्या टाळ्या पडल्या. बायकांनी जिभा हलवून आनंदाच्या लकेरी दिल्या. बिलियाटी, म्हणजे एस्नातीचा थोरला भाऊ, सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होता. गावाचा माझ्यावर इतका विश्वास असेल असं वाटलं नव्हतं.

१७ जून

विटांच्या खाणीवर पहाटे शिट्टी मारली. तिघं आले. फिनेसी मॅडम. एक बहिरे आजोबा, ते कशाने आले कोण जाणे. आणि बिलियाटी, तो माझी कुदळ मागायला आला होता.

"शिट्टी झकास आहे, पाहुणे," तो म्हणाला. "बस कुठे जाते?"

तीस वर्षांहून जास्त काळ मी त्याचा मेव्हणा आहे. अजून पाहुणे.

२ जुलै

बायका येतात. पाणी आणतात, माती तुडवतात. पुरुष नाहीत. एक मयत झालं, तेव्हा अख्खं गाव बसून होतं. मयत असताना कुदळ उचलायची नाही हे मला मान्य आहे. पण दफनानंतरच्या जेवणाच्या वेळी मी उभा राहून म्हटलं की गेलेल्या माणसाला शाळेची फार कळकळ होती, त्यांच्या आठवणीसाठी उद्या सगळ्यांनी खाणीवर यावं. लोक ताटात बघून जेवत राहिले. नंतर एस्नातीने सांगितलं की गेलेला माणूस शाळेची कौलं चोरताना दोनदा सापडला होता.

बाकीचे दिवस पुरुष स्मशानाच्या राईत असतात. कोरडा ऋतू म्हणजे मोठ्या नाचाचा ऋतू. राईतून जनावरं येतात, गावात नाचतात, राईत परत जातात. ती मुखवटे घातलेली माणसं आहेत असं म्हटलं तर दंड होतो. म्हणून जनावरं. ज्याने राईत दीक्षा घेतलेली नाही त्याने तिथे पाय ठेवायचा नाही. मी घेतलेली नाही. आमच्या उत्तरेत हे प्रकार नसतात. मी चर्चचा पंच आहे, पहिल्या बाकावर बसतो आणि आमच्या चर्चला हा नाच चालत नाही.

कोट सापडत नाही. एस्नाती म्हणाली, उंदरांनी खाल्ला. म्हटलं, बटणांसकट? म्हणाली, भुकेले असतील.

१९ जुलै

मयताचं सुतक फिटलं म्हणून नाच झाला. मी जाणार नव्हतो. आवाज घरापर्यंत येत होता, म्हणून कुंपणापर्यंत गेलो. मग तिथून नीट दिसेना, म्हणून पुढे गेलो.

नेहमीची जनावरं होती. नंतर एक नवं आलं. लांबोळा लाकडी चेहरा, चष्मा, काखेत छत्री. अंगात कोट. फेंगडं चालत होतं, एक हात वर धरून, अगदी दारू प्यायल्यासारखं. शिट्टी मारून त्याने बायकांना ओळीत उभं केलं आणि एकेकीची नखं तपासली. मग विटा, विटा, असं ओरडत एकटंच गोल गोल फिरलं. मागे वळून बघायचं, कोणी नाही, पुन्हा शिट्टी. लोक हसून जमिनीवर लोळले. फिनेसी मॅडमनी अंगावरच्या कापडाचं टोक तोंडात कोंबलं होतं.

मीही हसलो. जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी हुबेहूब उतरवला होता. तो पितो हे आता गावालाही माहीत झालं.

घरी येऊन एस्नातीला तसं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. बराच वेळ तिने मान वर केली नाही. खांदे हलत होते. तिला दमा आहे की काय, एकदा दवाखान्यात न्यायला हवं.

२१ जुलै

पहाटे शिट्टी मारली आणि पुरुष आले. एक-दोन नाही, बरेच. पोरंही होती. मी शिट्टी मारली की सगळे हसतात आणि कामाला लागतात. दुपारी एकाने विचारलं, पुन्हा एकदा मारता का?

एकतीस वर्षांच्या अनुभवाचं हे फळ. शिस्त लागायला वेळ लागतो, पण लागते.

१६ ऑगस्ट

विटा झाल्या. वाळून, रचून झाल्या. भट्टीचा डोंगर उभा राहिला, पोटात जळण घालायची भोकं ठेवून. सुट्टी असून दुसरीची पोरं रोज येऊन त्यावर चढतात. खाली उतरा म्हणून शिट्टी मारली की आणखी चढतात.

आता फक्त लाकूड हवं.

२४ ऑगस्ट

लाकूड नाही. आसपासच्या टेकड्या कोळसेवाल्यांनी कधीच भादरल्या आहेत. आंबे तोडायचे नाहीत. बायका चुलीला तुराट्या आणि कणसांची बुरकुंडं वापरतात. त्यावर भट्टी भाजत नाही, मक्याच्या पिठाचा न्सिमासुद्धा धड शिजत नाही.

मोठी झाडं एकाच ठिकाणी आहेत, स्मशानाच्या राईत. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही. पण मागच्या वादळात तिथे एक प्रचंड झाड उन्मळून पडलेलं आहे, ते रस्त्यावरूनही दिसतं. पडलेल्या झाडाला काय करायचंय मेलेल्या माणसांनी? भट्टीला ते एकटं पुरेल.

बिलियाटीला विचारलं. राईचा कारभार त्याच्याकडे आहे असं म्हणतात. तो म्हणाला, "पाहुणे, मला कुठे पडलेलं झाड दिसत नाही." आणि तो ते झाड बघतच हे बोलत होता.

३० ऑगस्ट

राईत गेलो. दुपारी, लोक जेवत असताना, करवत घेऊन. हिशेब असा की फांदी कापून आणली, काही झालं नाही, की बाकीचे येतील. बसमध्येही पहिला माणूस चढायला घाबरतो.

झाड चांगलं वाळलंय. अर्धी फांदी कापली. घाम पुसायला मान वर केली, तर समोरच्या झाडाला माझा कोट टांगलेला.

बटणं ओळखली. बसच्या चाकाचं चित्र असलेली बटणं आता कुठे मिळत नाहीत. कोटाच्या वर, काठीवर, तो लांबोळा चेहरा. चष्म्याच्या दांडीला दोरी. मी हात लावून माझ्या चष्म्याची दोरी चाचपली. गाठही तीच.

पाय फाकवून, एक हात वर.

मागून कोणीतरी खाकरलं. जनावरं होती. त्यांनी मला घरापर्यंत पोचवलं. करवत ठेवून घेतली.

३१ ऑगस्ट

एस्नातीशी बोललो नाही. तिने न्सिमा आणि वाळकी मासळी वाढली. जेवलो. न बोलता जेवता येतं.

शेवटी म्हटलं, उंदीर. ती म्हणाली, "जुना होता हो. तुम्हाला खांद्यात आखूडही झाला होता."

१ सप्टेंबर

गाव भट्टीवर यायचं बंद झालं. पहाटे शिट्टी मारली नाही. मारवली नाही.

संध्याकाळी बिलियाटी आला. स्टुलावर बसला, शेंगा खाल्ल्या, टरफलं माझ्या दिशेने टाकली. मग विचारलं, राईत काय पाहिलंत. काही नाही म्हटलं. कोट पाहिलात? म्हटलं, कुठला कोट?

"शहाणे आहात," तो म्हणाला. "पण पाहिलं नाही असं सांगायचा हक्क आतल्यांना असतो. तुम्ही बाहेरचे. तुम्ही खोटं बोललात तर ते नुसतंच खोटं."

निवाडा झाला होता. दीक्षा न घेतलेला माणूस आत आला, दिसू नये ते त्याला दिसलं. याला दंड पुरत नाही. त्याने रीतसर आत यायचं. तो आत आला तर राईतलं पडलेलं झाड राईतल्या लोकांचं, म्हणजे त्याचंही. तो नाही आला तर झाड दिसत नाही आणि भट्टीला कोणी हात लावणार नाही.

मी म्हटलं, मी चर्चचा पंच आहे. तो म्हणाला, ठाऊक आहे, म्हणूनच बघायची मजा येईल.

तो उठला तेव्हा मला जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "गाव मला हसतं का रे?"

"हसतं की," तो म्हणाला. "संस्थेच्या साहेबाला कोणी हसतं का? एकदा एका आमदाराचं जनावर केलं होतं. लोक झोपी गेले. ज्याचं जनावर झालं नाही असे घरजावई या गावात पुष्कळ पुरलेत, पाहुणे. त्यांची नावं मलासुद्धा आठवत नाहीत."

टरफलं मी झाडली.

४ सप्टेंबर

पास्टरकडे गेलो. त्यांनी चहा दिला. त्यांचं म्हणणं, राईत गेलात तर पंचपद जाईल, पहिला बाक जाईल आणि प्रभूभोजन बंद होईल. चाळीस वर्षांत मी एक रविवार चुकवलेला नाही, बसमधून जात असलो तर बसमध्ये प्रार्थना केली. ते म्हणाले, तुमचा आत्मा की मुलांचं छप्पर, एवढं ठरवा. म्हटलं, भट्टीसाठी चर्चकडे लाकूड आहे का? म्हणाले, जुने बाक आहेत, पण ते लागतात.

येताना वाटलं, मी कोणासाठी करतोय हे? पोरांसाठी, की हात वर केला म्हणून? दोन्ही असेल. बसमध्ये अर्धं तिकीट चालायचं.

९ सप्टेंबर

शाळा सुरू झाली. आंब्याच्या बारक्या कैऱ्या डोक्यावर पडतात. लिहून दिलेलं पुसलं जातं, कारण पाटी म्हणजे माती आणि मातीवरून कोंबड्या जातात.

नखं तपासली नाहीत. पोरांनी आपणहून हात पुढे केले. मी म्हटलं, ठेवा खाली.

चिमवेम्वे नावाची एक मुलगी आहे, फारशी बोलत नाही. तिने विचारलं, नव्या वर्गाच्या भिंतीवर नकाशा काढणार का? म्हटलं, काढू.

"मग खिडकी दुसरीकडे ठेवा," ती म्हणाली.

संध्याकाळी बिलियाटीकडे गेलो. तो म्हणाला, कोंबडा घेऊन या. पांढरा नको.

१८ सप्टेंबर

गेल्या आठवड्यात काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. म्हणजे होतं, पण लिहायचं नसतं.

एवढंच. तिथे माझ्या दुसरीतला एक पोरगा मला वरिष्ठ निघाला. त्याने माझी नखं तपासली आणि मला कापायला परत पाठवलं.

हेही लिहायला नको होतं.

२० सप्टेंबर

झाड आता सगळ्यांना दिसतं. सकाळी शिट्टी मारायच्या आधीच पुरुष कुऱ्हाडी घेऊन राईच्या तोंडाशी उभे होते. ओंडके खांद्यावरून भट्टीपर्यंत आणले. बिलियाटी पुढे होता. एका ओंडक्याच्या मागच्या टोकाला मी होतो.

"उचल रे नीट," तो मागे न बघता ओरडला. "सगळा भार माझ्यावर टाकतोस."

उचलला.

२१ सप्टेंबर

भट्टी पेटली. बायकांनी मक्याची दारू आणली. मी चाखत नाही. चाखली.

आज रविवार होता. शेवटच्या बाकावर बसलो, दाराशी. पास्टरांनी मूर्तिपूजेवर प्रवचन दिलं आणि सगळं माझ्याकडे बघून दिलं. दाराशी वारा चांगला येतो. पहिल्या बाकावर इतकी वर्षं उकडत होतं हे लक्षातच आलं नव्हतं. प्रभूभोजनाची थाळी आली तशी माझ्यापुढून गेली. ते मात्र लागलं.

२९ सप्टेंबर

साहेब येऊन भट्टी बघून गेला. वीट उचलून विटेवर आपटली, खणखणीत वाजली. पत्रे आपले. त्याने विचारलं, गावाला एवढं कामाला कसं लावलंत? इतर गावांना सांगायला उपयोगी पडेल. मी म्हटलं, शिस्त. फिनेसी मॅडम खोकायला लागल्या.

२७ ऑक्टोबर

भिंती पत्र्यापर्यंत आल्या. गवंडी खिडकी नेहमीच्या जागी, मधोमध ठेवत होता. पाडायला लावली. तो म्हणाला, खिडकी इथेच असते. मी म्हटलं, इथे देश आहे. तो मला वेडा समजला. खिडकी सरकवली.

३ नोव्हेंबर

पत्रे आले. आकाश भरून येतंय, पण सुतार म्हणतो होईल.

दुपारी समारंभ झाला. मी नव्हतो. का नव्हतो ते लिहिणार नाही. साहेबाने भाषणात अध्यक्ष कुठे आहेत असं दोनदा विचारलं. फिनेसी मॅडमनी सांगितलं की त्यांचं पोट बिघडलंय.

राईतून जनावरं आली होती म्हणे. शिट्टीवालंही आलं होतं. त्याने साहेबाला खुर्चीवरून उठवून ओळीत उभं केलं आणि नखं तपासली. साहेबाच्या उजव्या अंगठ्याचं नख फारच वाढलेलं होतं, आणि घाण. लोक पुष्कळ हसले. चिमवेम्वे सगळ्यांत पुढे उभी होती. तिने आपणहून हात पुढे केले. स्वच्छ होते.

असं ऐकलं.

संध्याकाळी घरी आलो तर एस्नातीने तेल कोमट करून ठेवलं होतं. न विचारताच. मी गुडघे चोळत बसलो. ती शेंगा फोडत होती.

"त्या जनावराला आज तुमची चाल काही जमली नाही," ती म्हणाली. "सगळे म्हणत होते. आधीचं हुबेहूब होतं."

मी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

उद्या पहाटे, कोणी उठायच्या आत, अंगणात चालून बघणार आहे. मी नक्की कसा चालतो ते.